संघ कुणाचा? मराठी मुलखातील फुटबॉलची मालकी

फुटबॉल संघाच्या चाहत्यांत तीन वाद कधीच मिटत नाहीत. मालक पैसा सोडतो का, प्रशिक्षक ठेवावा की बदलावा, आणि निकाल असे का लागतात. निकालाचा वाद सगळीकडे सारखाच रंगतो. पहिले दोन मात्र संघ कुणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरतात. मराठी मुलखाने सव्वाशे वर्षांत पलटणींचे, पोलिसांचे, कंपन्यांचे, खाणमालकांचे आणि फ्रँचायझींचे संघ पाहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या चाहत्यांना तावातावाने बोलण्यापलीकडे काही करता आले नाही. संघावर चाहत्यांचा खरा हक्क चालला तो कोल्हापूरच्या पेठांत.

या इतिहासाची सुरुवात मुंबईत होते. रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढची जवळजवळ साडेचार दशके तो गोऱ्या पलटणींमध्येच फिरत राहिला. संघाची मालक पलटण, व्यवस्थापक तिचाच एखादा अधिकारी आणि पलटणीची बदली झाली की संघही बोटीत किंवा आगगाडीत बसून चालता होई. कडेने उभ्या राहणाऱ्या हिंदी प्रेक्षकाला खेळ आवडत होता, पण ‘आपला’ म्हणावा असा संघ त्याच्याजवळ नव्हता. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. १९३७ मध्ये बँगलोर मुस्लिम्स या संघाने पहिल्यांदा हा चषक हिंदी हातांत आणला. त्यानंतर तीन वर्षांनी कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. हे दोन्ही संघ मुंबईबाहेरचे होते, पण मुंबईच्या प्रेक्षकाने त्यांना आपले मानले.

मुंबईत हे घडत असताना मराठवाड्यातली युसूफ वडगावसारखी गावे निजामाच्या राज्यात होती. आज केज तालुक्यात असलेले हे गाव आणि सगळा बीड जिल्हा १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हैदराबाद राज्यातच राहिला. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. या भागातल्या खेड्यांत फुटबॉल रुजला नव्हता. मैदानी खेळ म्हणजे कबड्डी आणि जत्रेतली कुस्ती. यात्रा कमिटी घरटी वर्गणी काढायची, पैलवानांच्या जोड्या लावायची, नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत इनाम ठरवायची आणि जोड चुकीची लागली असे वाटले की वर्गणी दिलेला माणूस फडातच उभा राहून तसे बोलायचा. वर्गणी आणि बोलण्याचा हक्क यांचे हे नाते पुढे कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पुन्हा भेटते. फुटबॉलमध्ये मात्र मराठवाड्याला राज्याच्या नात्याने आपला म्हणता येईल असा एक संघ होता आणि त्या काळात देशात त्याला तोड नव्हती. तो संघ हैदराबाद सिटी पोलिसांचा.

हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. पलटणींच्या काळातही असे कुणाला जमले नव्हते. १९५० मध्ये स्वातंत्र्यानंतरची पहिली ड्युरँड स्पर्धा झाली, तीही या संघाने मोहन बागानला हरवून जिंकली. संघाची मालकी पोलीस खात्याकडे होती. खेळाडू खात्यात नोकरीला, पगार सरकारी, सरावाची सोयही खात्याकडूनच. ही ताकद उभी करण्यामागे सय्यद अब्दुल रहीम होते. पेशाने ते शिक्षक, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन होईपर्यंत हैदराबादच्या फुटबॉलची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली.

रहीम यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण प्रशिक्षकाने नेमके काय करायचे असते या प्रश्नाचे ते ठोस उत्तर आहे. हैदराबादेत त्यांनी पोरांसाठी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत चेंडू पायाशी खेळवत नेण्याला बंदीच होती. चेंडू आला की तो लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. काही स्पर्धांत फक्त कच्च्या पायाने खेळायचे, म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्यानेच मारायचे. त्या काळी एकट्याने चार जणांना चकवून गोल करणाऱ्याला डोक्यावर घेतले जाई. पोरांना हे नियम जाचक वाटत असणार. पण त्यांतूनच चेंडू झटपट फिरवणारा आणि दोन्ही पायांनी खेळणारा संघ घडला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन हे पोलीस संघाचे खेळाडू १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले. तिथे युगोस्लाव्हियाने रहीम यांच्या भारतीय संघाचा १०-१ असा धुव्वा उडवला. भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते.

इतका मोठा पराभव झाल्यावर आजचा मालक प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतो. रहीम यांच्याकडे मात्र भारतीय संघ पुन्हा सोपवला गेला. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळाला, त्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा रहीम आजारी होते. प्रशिक्षकाला वेळ दिला की काय उभे राहते याचा एवढा मोठा पुरावा भारतीय फुटबॉलमध्ये दुसरा नाही. ‘प्रशिक्षक हटवा’ अशी आरोळी उठते तेव्हा हा पुरावा समोर असायला हवा.

राज्य पुनर्रचनेनंतर हैदराबादचा पोलीस संघ आंध्र प्रदेश पोलीस झाला आणि मराठवाड्याचा त्याच्याशी असलेला राजकीय धागा तुटला. या संघाने पुढेही चषक जिंकले, पण सरकारी संघाची एक मर्यादा असते. खात्याचे अधिकारी बदलतात, भरतीचे नियम बदलतात आणि फुटबॉलसाठी माणसे घेण्याची आस्था आटते. तिथे चाहत्याला कुणी विचारत नाही. हैदराबादचे फुटबॉल पुढच्या दशकांत ओसरत गेले.

मुंबईत पलटणींची जागा कंपन्यांनी घेतली. कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, बँका आणि रेल्वे यांचे संघ कूपरेज मैदानावर आणि हारवुड लीगमध्ये खेळत. नेव्हिल डिसूझा कॅल्टेक्सकडून खेळला. खेळाडूला नोकरी मिळे, खेळण्याचे दिवस संपल्यावरही पगार चालू राही आणि कंपनीचे नाव वर्तमानपत्रात येई. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून फुटबॉलपटू निघाले त्यामागे ही नोकरीची हमी होती, आणि त्याचे श्रेय या कंपन्यांना द्यायलाच हवे. पण संघ कंपनीच्या ताळेबंदातली खर्चाची एक बाब होता. कापडधंद्याचे दिवस फिरले तसे गिरण्यांचे संघ दिसेनासे झाले. २०००-०१ च्या हंगामानंतर खुद्द रोव्हर्स चषकही थांबला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महिंद्र युनायटेडचे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या संघाने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ती लीग जिंकणारा मुंबईचा हा एकमेव संघ. ड्युरँड, फेडरेशन चषक आणि आयएफए शिल्डही त्याच्या खात्यावर होते. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलवर लक्ष द्यायचे ठरवले. शालेय फुटबॉलवर खर्च करणे चुकीचे नव्हते. पण एका बैठकीतल्या निर्णयाने देशाचा माजी विजेता संघ नाहीसा होतो आणि लाल जर्सी घालून कूपरेजवर येणाऱ्या माणसाला त्यावर मतही देता येत नाही, हे त्या मालकीचे खरे रूप होते. २०१३ मध्ये एअर इंडिया राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमधून बाहेर पडला, तो क्लब परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने.

मुंबई एफसीचा किस्सा प्रशिक्षकाच्या वादासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. एस्सेल समूहाने २००७ मध्ये काढलेल्या या संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे सात वर्षे होती. संघ कधी विजेता ठरला नाही, पण बेताच्या खर्चात दरवर्षी वरच्या पातळीवर टिकून राही. बचावावर भर देणारा खेळ कंटाळवाणा आहे, असे कुरकुरणारे चाहते होते. २०१६ मध्ये जमील यांना जावे लागले. ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले आणि पुढच्याच हंगामात त्या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि नंतर संपलाच.

गोव्यात मालक म्हणजे खाणमालक. साळगावकरांचा संघ १९५६ चा, धेंपोंचा १९६८ चा. स्वतः खाणमालक असलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाची सुवर्ण चषक स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली. खनिजाचा पैसा, घराण्याची प्रतिष्ठा आणि गावोगावची फुटबॉलवेडी मैदाने यांचा मिलाफ इथे झाला. साळगावकरचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कर्णधार झाला. धेंपोने आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदे पटकावली. गोव्यातल्या वादांना एक वेगळी किनार होती. ‘नवहिंद टाइम्स’ आणि मराठी ‘नवप्रभा’ ही वर्तमानपत्रे धेंपो घराण्याचीच, त्यामुळे संघाच्या निकालावरची चर्चा ज्या पानांवर छापून येई, त्यांतली काही पानेही मालकाचीच होती.

तरी घराण्याच्या मालकीत एक गोष्ट होती जी कंपनीत नसते. मालक ओळखीचा असतो आणि त्याला गावात तोंड दाखवायचे असते. म्हणूनच २०१६ चा निर्णय गोव्याला फार लागला. आय-लीग दुय्यम श्रेणीची करून इंडियन सुपर लीगला पहिले स्थान देण्याचा प्रस्ताव अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मांडला. निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीग सोडली. मालकांचा मुद्दा बरोबर होता. मैदानावर कमावलेले स्थान कागदावर काढून घेतले जात होते. पण त्या माघारीची किंमत त्या संघांच्या प्रेक्षकांनी आणि खेळाडूंनी मोजली. धेंपो पुढे आय-लीगमध्ये परतला.

सुपर लीगमधल्या एफसी गोवा संघात धेंपो आणि साळगावकर यांच्या जोडीला व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत होते. अशा रीतीने औरंगाबादेत वाढलेल्या उद्योगाचा, म्हणजे मराठवाड्याचा पैसा भारतीय फुटबॉलच्या वरच्या पातळीवर पोचला तो गोव्याच्या मार्गाने. व्हिडिओकॉन समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि एफसी गोवा जयदेव मोदी यांच्या नेतृत्वाखाली पुढे चालू राहिला. या संघाने प्रशिक्षकाच्या वादात एक विलक्षण प्रकरण घडवले. ३१ जानेवारी २०२० रोजी संघ गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असताना प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढण्यात आले. साखळीचे तीनच सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडा यांनी ते निभावले, गोवा साखळीत अव्वल ठरला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय संघ बनला. निकाल पाहता व्यवस्थापन बरोबर ठरले, असे काहींचे म्हणणे. पण लोबेरा मुंबई सिटीत गेले. गोव्याचा कर्णधार राहिलेला मंदार राव देसाई, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि ह्युगो बूमूस हेही त्यांच्यापाठोपाठ तिकडे गेले. पुढच्याच हंगामात मुंबई सिटीने गोव्याला उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर हरवले आणि साखळी व विजेतेपद दोन्ही जिंकले. तेव्हा गोव्याच्या चाहत्यांना पुन्हा तो जानेवारी आठवला.

मुंबई सिटी २०१४ मध्ये रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांनी काढला. पहिल्या काही वर्षांत पीटर रीड, निकोला आनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराइस आणि जोर्ज कोस्ता असे प्रशिक्षक आले आणि गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने संघाचे ६५ टक्के भाग विकत घेतले. त्यानंतर निकाल बदलले, हे नाकारता येत नाही. २०२१ आणि २०२४ ची विजेतेपदे मिळाली, २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवर विजय मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लबही ठरला. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा चाहत्यांचा गट अंधेरीच्या स्टेडियमवर ढोल-घोषणांसह संघामागे उभा राहिला. संघाचे निर्णय मात्र शहराबाहेर होऊ लागले होते.

पुण्याची कथा सगळ्यांत क्लेशकारक आहे. बारा वर्षांत या शहराने चार मोठे संघ पाहिले आणि चारही गमावले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात तिसरा आला, २०१२-१३ मध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम, २०१४-१५, खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये राहिला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांच्या एफसी पुणे सिटीने डेव्हिड प्लॅट, आंतोनियो हाबास अशी नावाजलेली नावे आणली. पण या संघाचा खरा बहरलेला हंगाम एकच, २०१७-१८ चा. रांको पोपोविच यांच्या त्या संघात मार्सेलिन्यो आणि अल्फारो ही जोडी होती. साखळीत चौथा येऊन संघ उपांत्य फेरीत पोचला. बालेवाडीत बेंगळुरूशी शून्य-शून्य बरोबरी झाली आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी स्वप्न संपले. बालेवाडीच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये नारिंगी कपडे घालून येणारी ‘ऑरेंज आर्मी’ त्या वर्षी भरात होती. पुढच्या हंगामाने सगळे विस्कटले आणि २०१९ मध्ये मालकांनी हात वर केले.

सुपर लीगमधली पुण्याची जागा नव्या मालकांसह हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२२ मध्ये मानोलो मार्केझ यांच्या प्रशिक्षणाखाली विजेतेपद जिंकले. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रहीम यांच्या शहराला बऱ्याच काळानंतर मोठा मान मिळाला. पण लवकरच खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, मालकी बदलली आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला हलवून संघाला नवे नाव दिले गेले. सहा-सात वर्षांत एक जागा पुणे, हैदराबाद, दिल्ली अशी फिरली. पुण्यातले आणि हैदराबादेतले चाहते मात्र जिथे होते तिथेच राहिले.

या सगळ्याच्या शेजारी कोल्हापूरची परंपरा ठेवली म्हणजे तिचे वेगळेपण लक्षात येते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ दिले. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. लाल मातीच्या हौद्याशेजारी गणपती बसतो, मोहरमचे पंजे असतात, लग्नाकार्यात मदत उभी राहते, भांडणे मिटतात आणि वाढतातही. राजघराण्यातल्या तरुणांच्या आवडीमुळे फुटबॉल शहरात आला, तेव्हा त्याला तयार घर मिळाले ते या तालमींचे. १९४० च्या सुमारास कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. केएसए या तीन अक्षरांनीच शहर तिला ओळखते. तिचे अध्यक्षपद आणि आश्रय छत्रपती घराण्याकडे राहिला आणि सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होऊ लागले.

संघांची नावेच मालकी सांगतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ. प्रॅक्टिस क्लब हा त्यांतला जुना आणि नावाने वेगळा, आणि जुन्या पेठांबाहेरून येणारा फुलेवाडी क्रीडा मंडळाचा संघही या पंक्तीला बसला. वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. यांपैकी कुणाचाही भागभांडवलदार मालक नाही. पैसा येतो वर्गणीतून, पेठेतल्या दुकानदारांकडून, परदेशात किंवा पुण्यात कमावणाऱ्या जुन्या खेळाडूंकडून आणि प्रायोजकांकडून. निर्णय घेतात ते तालमीतली बुजुर्ग मंडळी आणि माजी खेळाडू. त्यामुळे सामना हरल्यावरचा जाब वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारला जात नाही. तो त्याच रात्री तालमीच्या कट्ट्यावर विचारला जातो, आणि ज्याला विचारायचा तो समोर बसलेला असतो.

हंगामात मोठ्या सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच शाहू स्टेडियमकडचे रस्ते भरू लागतात. गॅलरीत कोणत्या पेठेने कुठे बसायचे हे ठरलेले असते. हलगी, घुमके आणि कैताळ यांचा कडकडाट सुरू होतो. एका बाजूने आपल्या तालमीच्या नावाचा जयघोष, दुसरीकडून त्याला उत्तर, मधे पोलिसांची रांग. कोल्हापुरात ज्याला ईर्षा म्हणतात ती इथे पुरेपूर भरलेली असते. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, पाटाकडील विरुद्ध शिवाजी, खंडोबा विरुद्ध बालगोपाल अशा लढतींत आजोबा, मुलगा आणि नातू एकाच बाजूला बसलेले दिसतात. गोलरक्षकाच्या चुकीवर गॅलरीतून जे बोलले जाते, त्यात त्याच्या वडिलांच्या खेळाचीही आठवण काढली जाते, कारण वडीलही याच जर्सीत खेळलेले असतात. सामना बरोबरीत राहून टायब्रेकरवर गेला तर हलगी थांबते आणि पुन्हा सुरू होते तेव्हा निकाल लागलेला असतो.

केएसएच्या लीगखेरीज महापौर चषक, अटल चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक अशा स्पर्धा झाल्या आहेत. या चषकांमागे बहुधा राजकीय पुढारी असतात, आणि कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये मालकीचा प्रश्न शिरतो तो याच दरवाजातून. मोठी बक्षिसे आली तसा संघांचा खर्च वाढला. दरवर्षी नोंदणीच्या काळात खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जाऊ लागले. नायजेरिया, घाना अशा देशांतले खेळाडू आले. बाहेरच्या खेळाडूंवर केएसएने संख्येची मर्यादा घातली. हा पैसा देणारा प्रायोजक कागदावर मालक नसतो, पण संघनिवडीत त्याचे म्हणणे ऐकले जाते. पेठेतली पोरे बाकावर बसली आणि बाहेरचा खेळाडू गोल करून गेला, तर तो विजय तालमीचा की प्रायोजकाचा, हा वाद कोल्हापुरात खऱ्या अर्थाने जिवंत आहे. बाहेरच्यांमुळे खेळाचा वेग वाढला, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या पेठेने सहा-सात वर्षांच्या पोराला गल्लीत चेंडू मारताना पाहिले आणि त्याला जर्सी मिळण्याची वाट पाहिली, तिचा हक्क आधी, असे मानणारा गट संख्येने मोठा आहे. ही व्यवस्था टिकली ती त्याच गटाच्या जोरावर.

या मालकीची काळी बाजूही आहे. ज्याला संघ आपला वाटतो त्याला पराभवही आपला वाटतो. सामन्यांत आणि सामन्यांनंतर हाणामाऱ्या, दगडफेक आणि वाहनांची मोडतोड झाली आहे. सामने थांबले, स्पर्धा अर्ध्यावर रद्द झाल्या, केएसएने संघांवर आणि खेळाडूंवर कारवाई केली, पोलिसांनी गुन्हे नोंदवले. पंच हा बहुतेक वेळा याच शहराचा रहिवासी, त्यामुळे त्याच्यावरचा दबाव बाहेरच्या माणसाला कळणार नाही इतका असतो. हुल्लडबाजीमुळे कुटुंबांसह येणारे प्रेक्षक दुरावतात, हे तालमींतले जाणते लोक स्वतःच सांगतात. सामन्याआधी केएसए आणि पोलीस तालमींच्या प्रमुखांना बोलावून समज देतात, आणि या बैठका कामाला येतात, कारण गॅलरीत कोण काय करील हे त्या प्रमुखांना नावानिशी ठाऊक असते.

दुसरी मर्यादा वर जाण्याची. राष्ट्रीय पातळीवरच्या लीगसाठी क्लबला कायदेशीर संस्था, हिशेब, परवानाधारक प्रशिक्षक, वयोगटांचे संघ आणि ठरलेल्या दर्जाचे मैदान लागते. हा खर्च एका तालमीच्या वर्गणीत बसत नाही, आणि सगळ्या तालमींनी मिळून एक संघ काढावा, असे म्हटले की कर्णधार कोणत्या पेठेचा, इथपासून प्रश्न सुरू होतात. महिलांच्या फुटबॉलमध्ये ते जमले. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ इंडियन वुमेन्स लीगमध्ये शहराचे नाव घेऊन उतरला, बहुधा त्या संघाच्या पाठीशी जुन्या पेठांचे हिशेब नव्हते म्हणून. पुरुषांत मात्र खेळाडू वर जातात, संघ जात नाही. अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, निखिल कदम मोहन बागानपर्यंत गेला. असे खेळाडू घडतात ते शाहू स्टेडियमच्या गॅलरीसमोर, आणि व्यावसायिक करार त्यांना मिळतात ते दुसऱ्या शहरांत.

प्रशिक्षकाच्या बाबतीतही कोल्हापूरची रीत वेगळी आहे. तिथे प्रशिक्षक बहुतेकदा तालमीचाच माजी खेळाडू असतो. नोकरी सांभाळून तो सकाळ-संध्याकाळ मैदानावर येतो. चार सामने हरले म्हणून त्याला काढता येते, पण तो पेठेतून जात नाही. पुढच्या हंगामात तोच कदाचित लहान मुलांच्या संघाला शिकवताना दिसतो, आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा मोठ्या संघाकडे बोलावला जातो. केएसएच्या खेळाडू नोंदणीची मुदत जवळ आली की दर वर्षी तालमींच्या बैठका होतात. कुणाला ठेवायचे, कुणाला सोडायचे, बाहेरचे किती घ्यायचे, वर्गणी किती काढायची आणि संघ कुणाच्या हाती द्यायचा, हे तिथे ठरते. बैठकीला येणाऱ्यांत गेल्या हंगामात गॅलरीत बसून प्रशिक्षकाला शिव्या घालणारेही असतात आणि त्यांचे मत धरले जाते.